कोकणात विणायचं तर सुतात विणा

विणकामाची पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक थंड मुलखातले. त्यातलं माप आणि त्यातली लोकर जशीच्या तशी घेऊन रत्नागिरीत किंवा मालवणात स्वेटर विणला, की तो दोनदा अंगावर चढतो, मग कपाटात जातो आणि पुढच्या श्रावणात कुबट वास मारत बाहेर येतो. "इथे लोकर घालणार कोण?" असं घरात कुणीतरी विचारतंच, आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही. फक्त त्यासाठी सुया टाकून द्यायची गरज नाही, धागा बदलायचा. दोन सुयांवरच्या विणीचा आणि थंडीचा जन्मापासूनचा संबंध आहे असंही नाही. अशा विणीचे जे सगळ्यांत जुने मोजे जगातल्या संग्रहालयांत आहेत, ते इजिप्तमधले, साधारण ११ व्या ते १४ व्या शतकातले, आणि त्यातले बरेचसे पांढऱ्या आणि निळीत रंगवलेल्या सुताचे. उन्हाळी देश, सुती धागा. आपल्याला यापेक्षा जास्त आधार कशाला हवा?

आधी धागा ओळखायला शिका. बाजारात "लोकर" म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक अॅक्रिलिकचे असतात, लेबलावर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. लेबल हरवलं असेल तर चार बोटं लांबीचा तुकडा चिमट्यात धरून न्हाणीघरात जाळून बघा. सूत कागदासारखं भुरूभुरू जळतं आणि मऊ करडी राख उरते. खरी लोकर मंद जळते, आच काढली की विझते आणि केस जळल्याचा वास येतो. तिची काळी राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक वितळत जळतं आणि शेवटी कडक काळा मणी उरतो, तो चुरडत नाही. (मणी गरम असताना हात लावू नका, चिकटतो.)

फरक कशाने पडतो ते आकड्यांत सांगायचं तर, हवेतली आर्द्रता ६५ टक्के असताना सूत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून ठेवतं, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, आणि अॅक्रिलिक जेमतेम २ टक्के. म्हणजे अॅक्रिलिक घाम पीत नाही, तो कातडीवर तसाच राहतो. मे महिन्यात अॅक्रिलिकचं झबलं घातलेल्या बाळाच्या मानेवर घामोळं का येतं, याचं उत्तर यात आहे. उलट हेच अॅक्रिलिक लवकर वाळतं, त्याला बुरशी सहज लागत नाही आणि रंग पक्के असतात. त्यामुळे दाराचं तोरण, मोबाइलची पिशवी, खेळण्यातला हत्ती हे खुशाल अॅक्रिलिकमध्ये करा. अंगाला लागणारं जे काही असेल ते सुतात.

आता सूत म्हटलं की लोक स्वस्तात कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, आणतात. मागावर कापड विणायला निघणारं सूत सुयांवर चालेलच असं नाही. ते बहुतेक वेळा एकपदरी आणि कडक पिळाचं असतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी साधी वीण घातली की तो पीळ सुटायला बघतो, आणि चौकोन धुतल्यावर तिरका होतो, बाजूची शिवण पोटावर येते. विकत घेण्यापूर्वी हातभर धागा सोडवा, दोन्ही टोकं एकत्र आणा आणि मधला भाग मोकळा लोंबू द्या. धागा शांत लटकला तर घ्या. स्वतःभोवती दोरीसारखा वळायला लागला तर तो साध्या विणीसाठी नको. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत किंवा एक टाका सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत त्यांची अदलाबदल अशा दाणेदार विणीत मात्र तो खपून जातो, कारण तिथे दोन्ही बाजूंचा ओढा एकमेकांना तोलून धरतो. तीनपदरी, चौपदरी सूत असलं की हा प्रश्न फारसा येत नाही.

चकचकीत सूत दिसतं ते मर्सराइज्ड. कापसाच्या धाग्यावर तीव्र कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करायची ही युक्ती जॉन मर्सर या इंग्रजाची, पेटंट १८५० सालचं. धाग्याचा तंतू फुगून गोल होतो, रंग जास्त खेचतो, ताकद वाढते. ताणून धरून प्रक्रिया केली की चमक येते. क्रोशाच्या रुमालांना हेच सूत चांगलं. दोन सुयांवर मात्र ते निसरडं असतं, टाका सुटला की थांबत नाही. नवशिक्यांनी साधं, किंचित खरखरीत सूत घ्यावं.

सुयांच्या नंबरांचा गोंधळ एकदाच नीट समजून घेतला की पुढची डोकेदुखी वाचते. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात आणि ते उलटे चालतात: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५, १४ म्हणजे २. अमेरिकन नंबर सुलटे चालतात, तिथे ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. परदेशी व्हिडिओ बघून "८ नंबर" घेतली तर कपडा एक माप लहान होणारच. नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

सुई कशाची, यावर प्रत्येकीचं ठाम मत असतं. समुद्राकाठचं खरं म्हणाल तर सगळ्याच त्रास देतात, फक्त वेगवेगळे. लोखंडी सुईचा मुलामा उडाला की खारी हवा तिथेच धरते आणि गंजाचा डाग सुतावरून जात नाही. अॅल्युमिनियम गंजत नाही, पण वरचा रंग घासला गेला की घामेजल्या बोटांमुळे पांढऱ्या सुतावर करडी छटा उतरते. पांढरं काम असेल तर आधी सुई पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. बांबूच्या सुया मे महिन्यापर्यंत उत्तम, जुलैत फुगतात आणि टाके सरकेनासे होतात. मेणबत्तीचा तुकडा सुईवर हलका घासायचा, मग जुन्या सुती कापडाने इतकं चोळायचं की बोटाला मेण लागू नये. हे पंधरा दिवस पुरतं. गोल सुईची नायलॉनची दोरी वळ्या धरून बसली असेल तर ती गरम पाण्यात मिनिटभर बुडवून सरळ ताणून धरा. हाताला घाम येत असेल तर बोटांना चिमूटभर टाल्कम पावडर लावली तरी चालते, फक्त काळ्या-निळ्या कामावर नको.

नमुन्याचा चौकोन विणायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. लोकरीत तो एखाद वेळ टाळून निभावतं, सुतात निभावत नाही. लोकरीला लवचीकपणा असतो, ती ताणली तरी परत येते. सूत ताणलं की ताणलेलंच राहतं. शिवाय धुतल्यावर ते एका दिशेला आटतं आणि अंगावर लटकून दुसऱ्या दिशेला वाढतं. म्हणून ३० टाके घाला, ४० ओळी विणा, बंद करा. कपडा जसा धुणार आहात तसाच तो चौकोन धुवा, म्हणजे बादलीत तर बादलीत आणि मशीनमध्ये तर मशीनमध्ये. वाळल्यावर खालच्या काठाला चार-पाच कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगून ठेवा, मग सपाट ठेवून मधल्या १० सेंटीमीटरमधले टाके मोजा. काठाजवळचे मोजू नका, ते नेहमी खोटं बोलतात. २४ टाके यायला हवेत आणि २२ आले, तर फरक किरकोळ वाटतो. पण ८४ टाक्यांची टोपी ३५ ऐवजी ३८ सेंटीमीटरची होते आणि बाळाच्या डोळ्यांवर येते. अशा वेळी टाके कमी करत बसू नका, एक नंबर बारीक सुई घ्या. सूत घट्ट विणलेलंच टिकतं.

हाताने करायला टोपडंच घेऊ. पावसाळ्यातल्या बारशाला यासारखी भेट नाही, आणि २५ ते ३० ग्रॅम सूत पुरतं. पहिल्या तीन महिन्यांच्या बाळासाठी, घेर साधारण ३५ सेंटीमीटर, १० सेंटीमीटरला २४ टाके आणि ३२ ओळी हे माप धरून:

१२ नंबरच्या सुयांवर ८६ टाके घाला. त्यातला एकेक टाका दोन्ही कडांना शिवणीसाठी आहे, म्हणजे कामाचे ८४. बॉर्डर दोन सुलट, दोन उलट अशी ८ ओळी; ओळीच्या शेवटी दोन सुलट उरतात, त्यामुळे शिवल्यावर बॉर्डर सलग दिसते. सुताची बॉर्डर ढिली पडते ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय म्हणून सुलट ओळीतले सुलट टाके मागच्या पायातून, म्हणजे फासाच्या सुईमागे असलेल्या बाजूतून, विणा. टाका पिळला जातो आणि बॉर्डर धरून राहते. मग १० नंबरच्या सुया घेऊन साधी वीण २६ ओळी. इथवर उंची साधारण १० सेंटीमीटर भरते.

आता घट, म्हणजे टाके कमी करत जायचं. कडेचा एक टाका, मग १० सुलट आणि दोनाचा एक (दोन टाके एकत्र सुलट विणून एक) असं सात वेळा, शेवटी कडेचा एक. ७९ टाके उरले पाहिजेत. परतीची ओळ सबंध उलट. पुढच्या सुलट ओळीत ९ सुलट आणि दोनाचा एक, त्यापुढच्या सुलट ओळीत ८, असं एकेकाने उतरत ५ सुलट आणि दोनाचा एक इथपर्यंत या. दर घटीला सात टाके जातात: ७९, ७२, ६५, ५८, ५१, ४४. एखाद्या ओळीनंतर हा आकडा जुळला नाही तर तिथेच थांबा, पुढे विणत गेलात तर शेवटी भोवरा एका बाजूला सरकतो. ४४ नंतर उलट ओळ, मग कडेचा टाका सोडून सगळे दोनाचे एक, कडेचा टाका: २३. उलट ओळ. परत कडेचा टाका, दहा वेळा दोनाचा एक, उरलेले दोन साधे: १३. धागा दोन वीत ठेवून तोडा, दाभणात ओवून १३ टाक्यांतून दोनदा फिरवा, आवळा आणि त्याच धाग्याने मागची शिवण घाला.

माप तपासायला बाळ हाताशी नसतं. सोललेला नारळ घ्या, सुतळीने त्याचा घेर मोजा. ३३ ते ३६ सेंटीमीटरचा सहज सापडतो. वर प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा, नाहीतर करवंटीचा तांबूस डाग लागतो, आणि धुतलेलं टोपडं त्यावरच वाळू द्या. आकार छान बसतो.

टोपड्याला बंद लावायचा मोह होतो, कुंचीला असतात तसे. बाळ निजवताना गळ्याशी नाडी नको, म्हणून ते मी तरी लावणार नाही. आपल्या हवेत घरात निजलेल्या बाळाला टोपडंच नको. ते बाहेर नेताना, वाऱ्या-पावसाच्या सरीत. जाळीदार वीणही टोप्यांपुरती ठीक, पण मोज्यांना आणि दुपट्याला नको, कारण छिद्रात बाळाचं बोट अडकतं. दोन रंगांच्या मोज्यांत आतल्या बाजूला जे लांब धागे सुटे राहतात त्यातही पायाची बोटं गुंततात, कधी धागा बोटाभोवती आवळला जातो आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. तिथे एक रंग किंवा आडवे पट्टे.

टाका सुटला की पहिली प्रतिक्रिया काम ओढून बघायची असते. तीच करू नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांचे हात बघा: जाळ्याच्या प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्याला गाठ असते, त्यामुळे एक धागा तुटला तर भोक तेवढंच राहतं. आपल्या विणीत गाठ एकही नाही, फक्त फासात अडकलेला फास. म्हणून तर कपडा ताणला जातो, आणि म्हणूनच एक फास सुटला की खालपर्यंत शिडी होते. सुटलेल्या टाक्यात लगेच सेफ्टी पिन घाला, मग शांतपणे बघा. सुलट बाजू समोर ठेवून क्रोशाची सुई त्या फासात पुढून घालायची, वरची पहिली आडवी पायरी पकडायची, फासातून बाहेर ओढायची. मग पुढची पायरी. पायऱ्या खालून वर, एकही न सोडता. वर आल्यावर टाका डाव्या सुईवर असा चढवा की त्याचा उजवा पाय पुढे राहील. उलटा चढला तर तो एक टाका पिळलेला दिसतो. सुतात दुरुस्त केलेला रकाना थोडा सैल किंवा घट्ट दिसतोच. शेजारचे टाके सुईच्या टोकाने एकेक करून जरा ओढून घ्या, उरलेलं पहिल्या धुण्यात बसतं.

आणखी एक खोड सुतात उघडी पडते. काम उलटं करून बघितलं की दोन-दोन ओळींच्या जोड्या आणि मध्ये फटी दिसतात. कारण उलट टाका घालताना बहुतेकींचा हात थोडा सैल पडतो. लोकर फुगून ते झाकते, सूत झाकत नाही. हात बदलायला वर्षं लागतील. उजव्या हाताशी उलट ओळीला एक नंबर बारीक सुई घ्या आणि सुलट ओळीला नेहमीची. जोडीतल्या दोन सुया वेगवेगळ्या नंबरच्या असल्या तर काही बिघडत नाही, कोणती कुठली एवढं लक्षात राहावं म्हणून एकीच्या टोकाला रंगीत दोरा बांधा.

गुंडा संपल्यावर नवा धागा जोडायचा तो ओळीच्या कडेला. लोकरीची दोन टोकं ओली करून तळहातात चोळली की एकजीव होतात. सुताची किंवा अॅक्रिलिकची होत नाहीत, कितीही चोळा. दोन्ही बाजूंना वीतभर शेपूट ठेवा. शिवताना पदर सुटे करून दोन दिशांना ओवा आणि शेवटी एकदा उलट फिरवा. एकाच दिशेने ओवलेलं सुताचं टोक तिसऱ्या धुण्यात बाहेर डोकावतं.

पावसाळा हाच खरा विणायचा हंगाम. आगोटीच्या सामानात सूतही भरून ठेवावं, एकाच लॉट नंबरचं, कारण ऑगस्टमध्ये परत आणलेला तोच रंग तोच नसतो. वीज जाणार हे धरून जुलैसाठी फिकट रंग ठेवा. काळ्या सुतातले टाके कंदिलाच्या उजेडात कुणालाच दिसत नाहीत. सगळ्या ओळी सुलट असलेलं काम मात्र हातात असावं, ते बोटांना कळतं. कोकण रेल्वेने जाताना नमुना मोबाइलवर बघून विणत असाल तर त्याचा फोटो आधीच काढून ठेवा. एकटा करबुड्याचा बोगदा ६.५ किलोमीटरचा आहे, तेवढ्यात व्हिडिओ नेमका घटीच्या ओळीवर अडकतो.

लाल आणि गडद निळं सूत पांढऱ्याबरोबर विणायच्या आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात तासभर दाबून ठेवा. रंग लागला तर ते सूत वेगळं वापरा. व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्याने सुताचा रंग पक्का होत नाही. व्हिनेगरचा उपाय लोकरीच्या आणि रेशमाच्या रंगांचा आहे, सुताच्या माथी उगाच मारला गेला.

धुतलेलं सुती विणकाम पिळू नका आणि दोरीवर टाकू नका, पाण्याच्या वजनाने ते गुडघ्यापर्यंत येतं. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा आणि त्या वळकटीवर पाय देऊन उभे राहा. निम्मं पाणी तिथेच जातं. मग पालथ्या रोवळीवर किंवा सुंभाच्या बाजेवर सपाट, वर पंखा. तरी जुलैत दोन दिवस धरा. दमट राहिलेलं उलट्या बाजूने इस्त्री करून संपवा. सुताला गरम इस्त्री चालते. अॅक्रिलिकला ती कधीही लावू नका, वीण एकदम लुळी पडते आणि ते कायमचं.

ठेवणीच्या कपड्यांना खळ नको, खळीच्या वासाने झुरळं आणि कागदाच्या वह्या खाणारे रुपेरी किडे येतात. लोकरीचं काही असेलच तर त्याला कसर लागते, आणि ती मळलेल्या जागी आधी, म्हणून धुतल्याशिवाय ठेवू नये. डांबरगोळ्या मोठ्यांच्या शालींत ठेवल्या तर ठेवा. बाळाच्या कपड्यांत अजिबात नको. जी-६-पी-डी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ होते, आणि आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे घरात सहसा माहीत नसतं. त्याऐवजी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि तो भरायचा ऑक्टोबरच्या उन्हात, दुपारी, कपडे दोन तास उन्हं खाऊन पूर्ण निवल्यावर. जुलैत बंद केलेल्या डब्यात जुलैची हवाच कोंडली जाते, मग झाकण कितीही घट्ट असो, काळे ठिपके आतून येतात.